राजाक्काची दोन बोटं

फार वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की कवठसरच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर गूळ शिजवायच्या काहिलीत मांडी घालून बसावं लागायचं. एक गडी पोहत पोहत ती काहील ढकलत न्यायचा, आणि आत बसलेल्यानं शिंकसुद्धा आवरून धरायची. त्या काळी कवठसरात राजाक्का नावाची कासारीण राहत होती. खरं नाव राजमती, पण एवढं लांब नाव घ्यायला गावात सवड कुणाला? आजही कवठसरात कुणी खोटं बोलतोय असा संशय आला, तर म्हातारी माणसं त्याला आधी राजाक्काच्या बोटांची शपथ घालतात, मग देवाची. देवाला त्याचा राग येत नाही, असं म्हणतात.

राजाक्का दिसायला काही विशेष नव्हती. बुटकी, सावळी आणि तोंडानं फटकळ. पण हात असे, की सात खेड्यांतल्या बायका तिच्यासाठी आठ-आठ दिवस थांबून राहायच्या. ती बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन वेशीत शिरली, की पोरी धावत सुटायच्या. देवळाच्या ओवरीत पाट मांडला जायचा. समोर बसलेल्या बाईचा हात राजाक्का मांडीवर घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दोनदा दाबून बघायची आणि म्हणायची, "सव्वादोन जाईल." बाई म्हणायची, "न्हाई गं, मला अडीचच लागती." तोवर सव्वादोनची बांगडी मनगटात जाऊन बसलेली असायची. बांगडी हाताच्या हाडावरून सरकते, तेव्हा बायका डोळे गच्च मिटून घेतात. राजाक्कापुढे डोळे मिटायच्या आत काम झालेलं असे.

तिच्या हातून कधी बांगडी वाढली नाही. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं बोलत नाहीत, वाढली म्हणतात. नुसतं मनगट धरून ती सांगायची, ही सकाळपासून उपाशी आहे, ही माहेराहून रडून आली आहे, हिला दिवस गेलेत पण हिलाच अजून ठाऊक नाही. एकदा तिनं कुंभाराच्या ओल्या मडक्याच्या गळ्यात बांगडी चढवली आणि मडक्यावर बोटाचा ठसासुद्धा उठला नाही, असं म्हणतात. आता हे जरा जास्तच झालं. पण सांगणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

एक नियम मात्र तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला होता. नवरा गेलेल्या बाईच्या मनगटाला कासाराचा हात लागता कामा नये. लागला तर तोच हात पुढं सवाशिणीला चालत नाही. राजाक्का नवी नवरी होऊन आली, त्या पहिल्याच दिवशी सासूनं तिला हे सांगितलं होतं. राजाक्कानं मान डोलावली आणि त्यावर पुन्हा कधी विचार केला नाही.

आता डोळ्यांचं कसं सुरू झालं ते ऐका.

माळ्याची अनशी एकदा बांगड्या भरायला आली ती डोकं धरूनच. कपाळाची उजवी बाजू फुटतेय म्हणाली. सकाळपासून दोनदा ओकून झालं होतं. काल दिवा लावला तर दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, इंद्रधनुष्यासारखी. बायका हसल्या, कुणी म्हणालं नजर लागली असेल. राजाक्कानं बांगड्या बाजूला ठेवल्या आणि तिचं कपाळ चेपायला घेतलं. चेपता चेपता बोटं भुवईखाली उतरली, मिटल्या पापणीवर आली, आणि तिथंच थांबली. डावा डोळा पापणीखाली पिकल्या द्राक्षासारखा मऊ दबत होता. उजवा मात्र कच्च्या बोरासारखा टणक.

राजाक्काला काही कळलं नाही. तिनं अनशीला सुंठेचा लेप सांगितला आणि घरी पाठवलं. चौथ्या दिवशी निरोप आला की अनशीचा उजवा डोळा गेला. वरून बघावं तर डोळा जागच्या जागी, फक्त त्यातून काही दिसेना. तेव्हापासून तो टणक डोळा राजाक्काच्या बोटाखालून हलेना. जेवताना, हारा उचलताना, मध्येच ती तर्जनी अंगठ्यावर घासत बसायची.

मग तिनं एक नवीच सवय लावून घेतली. बांगड्या भरून झाल्या, की बाईला म्हणायची, "डोळं मीट. मिटल्या मिटल्या पायाकडं बघ." बाई तसं करायची. राजाक्का दोन्ही हातांच्या तर्जन्या एकाच पापणीवर, भुवईच्या हाडाखाली शेजारी शेजारी ठेवायची. एक बोट हलकेच दाबायचं आणि दुसरं तो दाब झेलायचं. मग उलट. तान्ह्या पोराची टाळू चाचपावी इतकं हलकं. आधी एक डोळा, मग दुसरा, आणि शेवटी स्वतःचा डोळा, ताळा म्हणून. बायका खदखदून हसायच्या. "राजाक्का, डोळ्यात बी बांगडी भरतीस का काय?" राजाक्का म्हणायची, "भरीन की! आधी माप तर घिऊ दे."

पण दोन-तीन वर्षांत हसू थांबलं. ज्यांचे डोळे राजाक्काला टणक लागले, त्यांची नजर पुढं खरंच गेली. कुणाची आठवड्यात, कुणाची वर्षा-दोन वर्षांत, कसली दुखरी कळ न येता. नुसतं सांगून काय उपयोग, म्हणून राजाक्का पंधरा कोसांवरच्या शहरात गेली आणि तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना जाऊन भिडली. डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, "बाई, याला काचबिंदू म्हणतात. डोळ्यातलं पाणी तुंबतं, डोळा ताठतो आणि आतली शीर मरते. गेलेली नजर मला परत आणता येत नाही. पण वेळेत आणलंत, तर उरलेली राखता येते." त्याच्याजवळ डोळ्यावर ठेवायचं एक लहानसं यंत्र होतं. म्हणे त्यानं गंमत म्हणून दहा रोगी ओळीनं बसवले आणि राजाक्काला बोटं लावायला सांगितली. तिनं सांगितलं तेच नऊ वेळा यंत्रानं सांगितलं. दहाव्या वेळी यंत्र चुकलं आणि राजाक्का बरोबर निघाली, असं म्हणतात. पण डॉक्टर तिला एवढं मात्र बजावून म्हणाला होता, "बोटांना ढोबळ कळतं, बारीक कळत नाही. जरा शंका आली तरी माझ्याकडे पाठवा." राजाक्कानं ते ऐकलं.

तेव्हापासून सात खेड्यांतल्या बायका काहिलीत बसून शहराकडे जाऊ लागल्या. कितीजणींची नजर राहिली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

आता या सगळ्यात एक माणूस राहून गेलं होतं, आणि ते राजाक्काच्याच घरात होतं.

राजाक्काची नणंद सुमती. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा पटकीनं गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. शांत बाई. मागच्या सोप्यात बसून ती राजाक्काच्या बांगड्या निवडायची, रंगानं वेगळ्या करायची, दोऱ्यात ओवायची. सुईत दोरा ओवायला गावात तिच्यासारखं कुणी नव्हतं, एका दमात ओवायची. म्हणून तिच्या डोळ्यांविषयी कुणाच्या मनात काही आलंच नाही. पण इकडे उंबऱ्याला ठेचाळायची, दाराशी उभी म्हैस न दिसून तिच्यावरच जाऊन आदळायची, शेजारी ठेवलेला तांब्या लवंडायची. घरातले तिला धांदरट म्हणायचे. राजाक्का सगळ्यांत जास्त म्हणायची.

आणि राजाक्काची बोटं सात गावांच्या पापण्यांवर फिरली, पण सुमतीच्या कधी नाही. बारा वर्षं दोघी एका चुलीशी राहिल्या. आधी बांगड्या, मग डोळे, असा राजाक्काचा क्रम पडून गेला होता. जिला बांगड्या भरायच्या नाहीत ती पाटावर येणार नाही, आणि जी पाटावर येणार नाही तिचे डोळे कोण बघणार? यात काही चुकतंय असं राजाक्काला वाटलं नाही, सुमतीलाही वाटलं नाही. वाईट एवढंच वाटतं, की दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

त्या फाल्गुनात पाटलांच्या शेवंताचं लग्न निघालं. चुडा भरायचा दिवस ठरला. पाटलांच्या चौकात पाट मांडला, रांगोळी घातली, आणि गावच्या साऱ्या सवाशिणी जमल्या. शेवंताची आजी म्हाळसाआजी खांबाला टेकून बसली होती. चाळीस वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला होता, पण घरात पान हलायचं ते तिच्याच शब्दानं. बांगड्या जास्त होत्या म्हणून सुमती दुसरा हारा घेऊन मागून आली. चौकात पाऊल टाकलं आणि वाटेतल्या पाण्याच्या घागरीला तिचा पाय लागला. घागर लवंडली, हारा पडला आणि हिरव्या बांगड्यांचा चुरा साऱ्या चौकभर पसरला.

लग्नाच्या घरी, चुड्याच्या दिवशी. राजाक्का तडकली. "वन्सं, एवढी मोठी घागर दिसली न्हाई तुम्हास्नी? डोळं हायत का खोबणी?"

सुमती खाली बसून काचा वेचू लागली. समोरचा तुकडा ती नेमका उचलत होती, आणि गुडघ्याशेजारी पडलेल्या काचेवर तिनं सरळ हात टेकला. रक्त आलं. तरी ती मान वळवून वळवून बघत होती, जणू एखाद्या फटीतून बघतेय. "वैनी," ती हळूच म्हणाली, "म्होरलं समदं दिसतंय वं. कडंचं न्हाई दिसत."

राजाक्काचा राग जागच्या जागी विझला. "कवापास्नं?"

"झाली की पाच-सात वर्सं. मला वाटलं, मीच धांदरट."

राजाक्का उठली. म्हाळसाआजीनं ओळखलं आणि तिथूनच हाक मारली, "राजा! आमच्या पोरीचा चुडा व्हायचाय. त्या हातानं तिला शिवू नगंस." राजाक्का क्षणभर थांबली. पाटावर शेवंता हात पुढं करून बसली होती. सारा गाव बघत होता. सासूचे शब्द आठवत होते. पण चार पावलांवर बारा वर्षांची सोबतीण काचांत हात घालून बसली होती. राजाक्का तिच्यापुढं जाऊन बसली, रक्ताळलेलं मनगट हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "वन्सं, डोळं मिटा. मिटल्या मिटल्या पायाकडं बघा."

उजवा डोळा गारगोटीसारखा लागला. डावाही टणक होता, पण थोडा अजून दबत होता.

पुढं काय झालं ते कवठसरात आजही बायका तोंडपाठ सांगतात. राजाक्का नदीकडे निघाली तेव्हा तिच्या हातात सुमतीचं मनगट होतं, आणि ते तिनं पंधरा कोस सोडलं नाही. काहिलीतही नाही, बैलगाडीतही नाही. नदीला त्या दिवशी ओढ होती, पण दोघी बसल्या आणि पाणी काचेसारखं स्थिर झालं, असं म्हणतात. शेवंताचा चुडा दुसऱ्या गावच्या कासारानं येऊन भरला.

डॉक्टरनं यंत्र लावलं आणि तोंड गंभीर केलं. उजव्यात काही राहिलं नव्हतं. डाव्यावर त्यानं दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया केली. डावा राहिला, जेवढा होता तेवढाच. घरी पाठवताना डॉक्टर राजाक्काला म्हणाला, "पाच वर्षांपूर्वी आणायला हवं होतं. तुम्ही तर एका घरातल्या." तो माणूस वाईट बोलला नव्हता. पण राजाक्का दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि मोठ्यानं रडली, जशी ती नवरा आजारी पडला तेव्हाही रडली नव्हती. सुमती तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "वैनी, तुमचं तोंड दिसतंय मला. मग आणि काय पायजे?"

गावी परत आल्यावर मात्र राजाक्काला कुणी बोलावलं नाही. हारा सोप्यात पडून राहिला. पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली. तिला पाटावर बसवायला बायका घाबरत होत्या, आणि न बसवायला लाजतही होत्या, म्हणून तिच्या घरावरून जाताना मान खाली घालायच्या. राजाक्का ओसरीवर बसून राहायची. सुमती शेजारी बसून, एका डोळ्यानं, तिच्या आवडीच्या हिरव्या बांगड्या ओवत राहायची. विकायच्या कुणाला, हा प्रश्न दोघींनी एकमेकींना कधी विचारला नाही.

वैशाखातल्या एका दुपारी ओसरीपुढं काठीचा आवाज आला. म्हाळसाआजी. सोबत कुणी नाही. ती पायऱ्या चढली, धाप टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "पाट मांड."

राजाक्कानं पाट मांडला. आजी त्यावर बसली. हात पुढं केला नाही, पदराखाली घट्ट धरून ठेवला. नुसतं तोंड वर केलं आणि डोळे मिटले. "दिव्याभवती कडी दिसत्यात," ती म्हणाली. "चार म्हैने झालं. कुणाला सांगावं?"

राजाक्काला खूप बोलता आलं असतं. ती फटकळ होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिनं आजीच्या पदराखालून तो हात बाहेर ओढला, स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि अंगठ्याच्या मुळाशी दोनदा दाबून पाहिला, जसा ती नव्या नवरीचा पाहायची. चाळीस वर्षांत म्हातारीचा हात असा कुणी हातात घेतला नव्हता. मग राजाक्काची दोन बोटं पापणीवर आली. एक दाबत होतं, एक झेलत होतं. म्हणे त्या वेळी ओसरीवरचा पोपटसुद्धा गप्प झाला.

"मऊ हायत, आजी," राजाक्का म्हणाली. "मोतीबिंदू हुयाला लागला असंल. तरी डॉक्टरला दाखवूया. शंका नगं. पर टणक न्हाईत."

म्हाळसाआजीनं डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांखालून पाणी येत राहिलं आणि राजाक्काची बोटं भिजली. मग आजी म्हणाली, "सुमते, कुठं हायस गं? हिकडं ये. मला तुझ्याकडं बघायचंय." सुमती जवळ आली. आजीनं तिचा हात धरला.

घरी जाऊन आजीनं आपल्या सुनेला निरोप देऊन धाडलं आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात सांगावा फिरला: पाटलांच्या घरी पुढचा चुडा राजाक्काच भरील, आणि तिच्या पाटावर आधी आम्ही बसू. "आम्ही" म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना समजलं. गावात नवरा गेलेल्या चौदा जणी होत्या. त्यांतल्या तिघींचे डोळे टणक निघाले, आणि त्या तिघी वेळेत काहिलीत बसल्या.

राजाक्का केव्हा वारली, हे नीटसं कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतात, शेवटी तिची बोटं इतकी हलकी झाली होती की पापणीवर ठेवली तरी कळायची नाहीत. कुणी म्हणतात, वारल्यावर तिच्या दोन तर्जन्या सारं अंग गार पडलं तरी सकाळपर्यंत ऊबदार राहिल्या. सुमती तिच्यानंतर अकरा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत एका दमात सुई ओवत राहिली. हे मात्र पाहिलेल्या माणसांनी सांगितलेलं आहे.

आज कवठसरला पूल आहे, दवाखाना आहे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फुंकर मारून डोळा मोजणारं यंत्र आहे. फाल्गुनात डॉक्टर ते यंत्र घेऊन मुद्दाम गावात येतात, आणि गडीमाणसंही रांगेत बसतात. पण कवठसरात कुणाचंही लग्न निघालं, तर चुड्याच्या दिवशी पहिली पाटावर बसते ती नवरी नाही. त्या घरातली, किंवा घरात नसेल तर शेजारची, नवरा गेलेली बाई बसते. कासार तिचा हात मांडीवर घेतो, अंगठ्याच्या मुळाशी दोनदा दाबतो आणि म्हणतो, "डोळं मिटा. मिटल्या मिटल्या पायाकडं बघा." मग चुडा भरतात. चुड्यातली एक हिरवी बांगडी नवरी स्वतःच्या हातात घालत नाही. ती त्या बाईच्या हातात भरते, कासाराकडून नव्हे, स्वतःच्या हातानं. भरताना बाईनं डोळे मिटायचे नाहीत, उघडे ठेवायचे आणि नवरीकडे बघायचं. त्या बांगडीला सुमतीची बांगडी म्हणतात.